डोंबलाचं संरक्षण? थोडं थांबा

अमेरिकेत शाळेच्या पोरांच्या नेमबाजीने वन्यजीव संरक्षणाला मदत होते म्हणतात, त्यावर "पोरांच्या हातात बंदूक देऊन कसलं डोंबलाचं वन्यजीव संरक्षण" असं एकाने विचारलंय, मलाही इकडे अमेरिकेत आल्यावर आधी अगदी हेच वाटलेलं. पण इथला पैशांचा हिशोब वेगळाय. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफल, शॉटगन आणि काडतुसांवर 11 टक्के आणि पिस्तुलांवर 10 टक्के कर लागतो, तो बनवणारी कंपनी भरते आणि पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो, त्यातून अधिवास, प्राण्यांची मोजणी, नेमबाजीच्या रेंज, हंटर एज्युकेशन (शिकाऱ्यांचं प्रशिक्षण) असं सगळं चालतं. जंगली टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) जवळपास संपत आलेली ती परत आली त्यात या पैशांचा मोठा हात आहे. म्हणजे माझी लेक शाळेच्या नेमबाजी टीममधून हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीने फोडते (शिकार तिला बघवत पण नाही!) तिच्या काडतुसांच्या प्रत्येक खोक्यातनं थोडे पैसे जंगलाला जातातच. शिकारी म्हातारे होत चाललेत, म्हणून हा पैसा आटू नये यासाठी खात्यांना नवी पोरं हवीत हेही खरंच, तो स्वार्थ आहेच.

पण हे आपल्याकडे लागू करू नका राव. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, आणि नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमधून ब्राँझ आणलं ते निव्वळ खेळ म्हणून, जंगलाशी त्याचा काही संबंध नाही.