छोटे टर्मिनस : आठ फुटांत इंजिन सोडवायचे कसे?

नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावच्या घरात, माजघराच्या भिंतीलगत आठ फूट लांब आणि एक फूट रुंद प्लायवर मी शकुंतलेच्या, म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या, धर्तीचे मॉडेल रेल्वेचे एक टर्मिनस (शेवटचे) स्टेशन उभारत आहे. मूळ मार्ग ७६२ मिलिमीटर रुंदीचा असल्यामुळे १:८७ प्रमाणात ९ मिलिमीटरचा रूळ त्याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. फलाटाची लाइन, लूप (दोन्ही टोकांना तिला जोडलेली शेजारची लाइन), मालधक्का, जिनिंगचे सायडिंग (एका टोकाला बंद असलेली बाजूची लाइन) आणि इंजिन शेड असे सर्व काही बसवले आहे. गाडी तीन डब्यांची आहे. ती येऊन थांबली की लूपमधून मागच्या टोकाला आणण्यासाठी इंजिन डब्यांपासून सोडवून पुढे नेतो. मात्र बफरपर्यंत (लाइनीच्या टोकाच्या अडसरापर्यंत) जागा केवळ ६० मिलिमीटर उरते, मागची चाके सांध्यावरच (रूळ फुटतात त्या जागीच) राहतात आणि सांधा बदलता येत नाही. प्रत्येक वेळी इंजिन हाताने उचलून दुसऱ्या टोकाला ठेवावे लागते, आणि मग स्टेशन चालवल्याचे समाधानच राहत नाही. शिवाय वैशाखात एके ठिकाणी रूळ वाकला. काय करावे?

उत्तर १

दादा, आपली मांडणी बिघडली आहे ती हौसेने सगळे एकाच फळीवर बसवल्यामुळे. टर्मिनसचा जीव लूपच्या टोकाशी असलेल्या त्या छोट्या तुकड्यात असतो. आपले इंजिन १०० मिलिमीटरचे असेल, तर सांधा संपल्यानंतर १३० मिलिमीटर मोकळे हवेतच. इंजिन शेड काढून टाका आणि तीच लांबी तिथे द्या. लूप मोजताना सांध्यापासून सांध्यापर्यंत मोजू नका. शेजारच्या लाइनीवरील गाडीला धक्का न लागता तीन डबे जेवढ्या भागात उभे राहतील, तेवढीच लांबी खरी. एवढे करूनही स्टेशन पाच फुटांत बसते. उरलेले तीन फूट पडद्याआड ठेवून तिथे आडवी सरकणारी फळी करा आणि तिच्यावर तीन समांतर रूळ टाका. मूर्तिजापूरकडून येणाऱ्या गाड्या तिथूनच निघतील.

उत्तर २

रूळ वाकण्याबद्दल लिहितो. निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचा रूळ डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत, म्हणजे साधारण ३० अंशांच्या फरकाने, दर मीटरला सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. आपण थंडीत रूळ अगदी भिडवून बसवले असतील, तर वाढीला वाव न मिळून तो उचलला जाणारच. हिवाळ्यात बसवताना दर मीटरला तेवढी फट ठेवावी आणि फटीच्या दोन्ही बाजूंना रुळांतून इंजिनाला मिळणारी वीज स्वतंत्र तारेने पोहोचवावी, कारण नुसत्या जोडपट्टीवर भरवसा ठेवला की धुळीने संपर्क तुटतो. प्लायला दोन्ही बाजूंनी वार्निश मारले नाही, तर पावसाळ्यात फळीही ओल धरते.

आणखी एक गोष्ट, जिची कल्पना मला फार उशिरा आली. वावरातली काळी माती चाळून, फेव्हिकॉलच्या पाण्याने बसवली की आपल्या भागाचा रंग हुबेहूब येतो. परंतु बसवण्यापूर्वी तिच्यातून लोहचुंबक चार-पाच वेळा फिरवावे. बेसाल्टच्या या मातीत चुंबकाला चिकटणारे बारीक काळे कण असतात आणि ते मोटारीत शिरून तिला घासत राहतात. पहिल्याच फेरीत चुंबकाच्या टोकावर मिशीसारखे केस उभे राहिलेले दिसतील.

उत्तर ३

गाडी चालवण्याबाबत एक सुचवतो. जिनिंगच्या सायडिंगचे तोंड मालधक्क्याच्या उलट दिशेला ठेवावे, म्हणजे एका सायडिंगमध्ये इंजिन वाघिणी (मालडबे) सरळ ढकलेल, तर दुसऱ्यासाठी आधी लूपमधून वळसा घालून त्यांच्या दुसऱ्या बाजूला यावे लागेल. एवढ्या एका बदलाने तीन वाघिणींचे शंटिंगही (त्या जागोजागी नेऊन लावणे) अर्धा तास पुरते. प्रत्येक वाघिणीसाठी एक चिठ्ठी करावी : कापसाच्या गठाणी भरून यवतमाळहून मूर्तिजापूर, परतीला रिकामी. मार्गावर एका वेळी एकच इंजिन, हा नियम पाळला की सिग्नलची गरज उरत नाही.

प्रश्नकर्ता

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. इंजिन शेड काढले आणि बफर मागे सरकवला. आता तिथे १३५ मिलिमीटर मिळतात. काल रात्री इंजिन डब्यांपासून सुटले, पुढे गेले, सांधा बदलला आणि ते लूपमधून डब्यांच्या मागच्या टोकाला येऊन लागले. कुणीही हात लावला नाही. माझ्या वडिलांनी तेच तीनदा करून पाहायला लावले. जिनिंगचे सायडिंग उलटवण्याचे काम पोळ्यानंतर घेतो.