मदत हवी आहे: मास्टर्ससाठी जर्मनी की आयर्लंड?

नमस्कार मंडळी. मी भांडुपला राहते, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी मास्टर्सला बाहेर जायचंय, पण देशच ठरत नाहीये.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, हे मोठं आकर्षण. पण सरसकट फुकट नाही: बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1500 युरो आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्सला 4000 ते 6000. शिवाय एपीएस सर्टिफिकेट (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) आणि वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरायचे. ते महिन्याला 992 युरो असे आपल्यालाच परत मिळतात, हे बाबांना पटवता पटवता नाकी नऊ आले. 'आपलेच पैसे, मग अडकवायचे कशाला?' हा त्यांचा प्रश्न. एफडी मोडायला ते तयार आहेत, घर तारण ठेवायला नाही. (आईचं मत विचारूच नका, तिच्या मते पवई हेच परदेश.)

आयर्लंडमध्ये इंग्रजी चालतं, मास्टर्सनंतर दोन वर्षं राहता येतं, पण फी भरपूर आणि डब्लिनमध्ये घरभाडं डोळे पांढरे करणारं.

दादरच्या एका कन्सल्टंटने अर्ध्या तासात तीनदा जर्मनीतलं एकच खासगी कॉलेज पुढे सरकवलं, तेव्हाच मी ओळखलं.

तर जर्मनीत शिकलेल्यांनी सांगा: कोर्स इंग्रजीत असला तरी नोकरीसाठी जर्मन कितपत लागतं? आत्ताच काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात नाव घालू का? आणि डब्लिनवाले, खोली मिळायला किती वणवण झाली?