मदत हवी आहे : थाओ भाषेची ध्वनिमुद्रणे कोठे ऐकता येतील?

तैवानमधील सन मून तलावाकाठच्या थाओ समाजाच्या भाषेचा मी अभ्यास करीत आहे. १९३४ मध्ये जपानी राजवटीतील जलविद्युत प्रकल्पामुळे तलावाची पातळी वाढून या लोकांची जमीन पाण्याखाली गेली, आणि आज ही भाषा अस्खलित बोलणारे बोटांवर मोजण्याइतके वृद्धच उरले आहेत. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांचा २००३ मधील थाओ शब्दकोश अमूल्य आहे; परंतु पूर्वजांचे कपडे व दागिने ठेवलेल्या टोपलीसमोर पुरोहित स्त्रिया थाओमध्ये जे आवाहन करतात, ते प्रत्यक्ष ऐकल्यावाचून या भाषेची लय कळणार नाही, असे मला मनापासून वाटते. तैवानमध्ये राहणाऱ्या किंवा चिनी वाचता येणाऱ्या सभासदांनी, समाजाच्या संमतीने खुली झालेली अशी ध्वनिमुद्रणे कोणत्या संग्रहात मिळतील, हे कृपया कळवावे.