मदत हवी आहे: सोर्स कोड चोरीला गेला, तक्रार कोणत्या कलमाखाली करावी?

कृष्णाकाठ: आमची लहान कंपनी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करते. काम सोडून गेलेल्या एका मुलाने आमचा सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला मजकूर) नेला असून तेच सॉफ्टवेअर तो निम्म्या दरात विकत आहे. पोलिसांत कोणते कलम लावायचे आणि यापुढे कोड कसा जपायचा, एवढेच सांगावे. उपदेश नको, घाई आहे.

टाकसाळ: कोड नेला हे कशावरून ठरवले? सारखे दिसणारे पडदे म्हणजे चोरलेला कोड नव्हे. कोड कोठे ठेवला होता आणि तो मुलगा पगारी होता की कंत्राटावर, हेही सांगा.

कृष्णाकाठ: आमच्या पिग्मी अहवालात ‘व्याजदर’ऐवजी ‘व्याजदार’ असे छापले जाते आणि त्याच्या डेमोतही अगदी तसेच येते. कोड खाजगी गिट रिपॉझिटरीत (कोड आणि त्यातला प्रत्येक बदल जपणाऱ्या साठ्यात) आहे. बाकीच्या चौकशीचा येथे संबंध काय?

रातपाळी: कलमे नंतर पाहा. गिटमध्ये क्लोन केले, म्हणजे पूर्ण प्रत उतरवली, की सगळा इतिहास सोबत जातो, त्यामुळे जुन्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) कधीकाळी राहिलेले डेटाबेसचे पासवर्डही त्याच्याकडे असू शकतात. ते आजच बदला. नुसते खाते बंद करून भागत नाही, त्याने सर्व्हरवर टाकलेल्या एसएसएच की आणि डिप्लॉय की (पासवर्डाविना प्रवेश देणाऱ्या डिजिटल किल्ल्या) शोधून काढा. यापुढे ग्राहकाच्या संगणकावर काहीच बसवू नका, त्याला फक्त ब्राउझर द्या.

घाटमाथा: तालुक्याच्या पतसंस्थेत दुपारी नेट गेले की काउंटरवरच्या रांगेला तुमचा ब्राउझर काय उत्तर देणार? ऑबफस्केटर (ग्राहकाकडे जाणारा कोड वाचायला अवघड करणारे साधन) वापरा, आम्ही तेच करतो.

रातपाळी: ज्याच्या हाती मूळ कोडच आहे, त्याला ऑबफस्केटर काय अडवणार?

शुभचिंतक: माझ्या मेहुण्याने त्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आहे. तुम्हीही घ्या, म्हणजे कटकट मिटेल.

टाकसाळ: पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. मेहुण्यांना नमस्कार सांगा.

वकीलसाहेब: माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये सोर्स कोडची चोरी येते, कृत्य अप्रामाणिकपणे केलेले असल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अनेकजण कलम ६५ लिहून देतात, परंतु कायद्याने जो कोड जपून ठेवणे बंधनकारक आहे, त्याच्यापुरतेच ते आहे. गिटच्या नोंदी पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागेल. टाकसाळ यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून आलेले नाही.

कृष्णाकाठ: तो कंत्राटावर होता, दरमहा बिल देत असे. सगळे ईमेलवर ठरले होते. पैसे आम्ही मोजले, म्हणजे कोड आमचाच ना?

वकीलसाहेब: तसे आपोआप होत नाही. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मालकाचा असतो. कंत्राटदाराकडून तो कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी हस्तांतरित करून घ्यावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. उद्या तुमच्या नोटिशीला ‘हा भाग मीच लिहिला आहे’ असे उत्तर आले तर काय कराल? कोणती फाइल कोणी लिहिली, ते गिटच्या नोंदींतून आधी वेगळे काढा. पिग्मी अहवाल कोणाचा आहे?

कृष्णाकाठ: तो आमच्या पगारी सहकारी बाईंनी लिहिला आहे, हा मुलगा येण्याच्या कितीतरी आधी.

वकीलसाहेब: मग तक्रार त्याच भागावर उभी करा, संपूर्ण सॉफ्टवेअरवर दावा सांगू नका. त्यांच्या नेमणूकपत्राची प्रत आणि त्या फाइलची पहिली कमिट सोबत ठेवा. नोटीस जाण्यापूर्वी त्याच्या डेमोचे चित्रीकरण करून घ्या; ती चूक त्याने एकदा दुरुस्त केली की तुमचा सर्वांत बोलका पुरावा गेला.

रातपाळी: आणि पासवर्ड बदललेत का?