तलावांवर वर्षभर नजर ठेवणारी पथकं हवीत, की आधी नाले अडवायला हवेत?

पाणवठा

मे महिन्यात सोलापूर शहराबाहेरच्या एका छोट्या तलावावर पक्षी बघायला गेलो होतो. पाणी खूप आटलं होतं आणि काठाला ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडला होता. त्या गाळात बोटाच्या पेराएवढी हिरवी रोपं दिसली. गवत असेल म्हणून पुढे निघालो आणि परत फिरलो. एक रोप उपटून तळहातावर घेतलं. पहिली दोन-तीन पानं पट्टीसारखी, पण त्यानंतरच्या पानाच्या देठाला हरभऱ्याएवढा फुगवटा आलेला. नखाने फोडला तर आत थर्माकोलसारखा पोकळ गर. जलपर्णीच होती. दोन वर्षांपूर्वी हा तलाव जेसीबी लावून साफ केला होता. तलाव सुटला, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

जलपर्णीचं बी गाळात १५-२० वर्षं जिवंत राहू शकतं. पाणी ओसरून गाळाला ऊन लागलं की ते रुजतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी चढलं की रोप सुटून तरंगायला लागतं. मग त्याला बियांचीही गरज उरत नाही. आडवे धुमारे फुटतात, प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाला नवं रोप येतं, आणि उबदार पाण्यात साधारण दोन आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. मे महिन्यात बादलीत मावणारी गोष्ट दिवाळीला ट्रॅक्टरमध्ये मावत नाही.

कंबर तलाव हिरव्या चादरीखाली गेलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. पाणी दिसेनासं झालं की बातमी येते, मग यंत्र, मग फोटो. मधल्या महिन्यांत कोण बघतं? माझं म्हणणं असं की सिद्धेश्वर, कंबर, हिप्परगा, होटगी अशा प्रत्येक तलावासाठी चार-पाच जणांचं पथक असावं. दर पंधरा दिवसांनी एक फेरी, ठरलेल्या जागा, त्याच कोनातून फोटो आणि एक वही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात स्वयंसेवक मे ते सप्टेंबर महिन्यातून एकदा आपल्या तलावाचा काठ तपासतात आणि अनोळखी वनस्पती दिसली की तज्ज्ञांना कळवतात. तिथलं मोठं संकट म्हणजे मिलफॉइल नावाचं पाण्याखालचं तण. बोटभर तुकडा तुटला तरी त्याचं नवं झाड होतं, म्हणून तिथे लवकर दिसण्याला इतकी किंमत.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नळाला रोज पाणी येत नाही. मोकळ्या पाण्यापेक्षा जलपर्णीने झाकलेल्या पाण्यातून जास्त पाणी हवेत जातं. ही चैन आपल्याला परवडणारी नाही. काय वाटतं तुम्हाला?

निवृत्त अभियंता

तुमची तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. स्पष्ट लिहितो.

पाणीपुरवठ्याच्या कामात उभं आयुष्य काढलं. जलपर्णी माजते ती पाण्यातल्या नत्रावर आणि स्फुरदावर, आणि ते येतं संडासाच्या, साबणाच्या पाण्यातून आणि शेतातल्या खतातून. कुठल्याही शेतकऱ्याला विचारा: रानात रोज सकाळी खत टाकायचं आणि रोज संध्याकाळी खुरपायला माणसं लावायची, याला काय म्हणायचं? उजनी बघा. धरण १९८० सालचं, साठा सुमारे ११७ टीएमसी. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, सगळ्यांचं पाणी शेवटी भीमेतून तिथे येतं, आणि वाटेतल्या शहरांचं सांडपाणीही. तिथे काठावर वह्या घेऊन हजार माणसं उभी केली तरी एक पान कमी होणार नाही.

माझी खरी भीती वेगळी आहे. पथक उभं राहिलं की ज्यांचं काम आहे ते निवांत होतात. एका तलावात मिसळणाऱ्या नाल्याबद्दल मी लेखी तक्रार केली होती. तीन महिन्यांनी उत्तर आलं, "सदर तलावाची स्वच्छता लोकसहभागातून सुरू आहे." नाल्याबद्दल एक अक्षर नाही. त्या लोकसहभागात मीही होतो, चिखलात उभा राहिलो होतो. माझेच कष्ट माझ्याच तक्रारीला उत्तर म्हणून परत आले.

अमेरिकेतल्या तलावांचं सांगता. तिथे तण येतं ते बोटीला, गळाला अडकून, म्हणून पहाऱ्याला अर्थ आहे. आपल्याकडे ते ज्यावर पोसलं जातं ते चोवीस तास नाल्यातून वाहत येतंय.

जाळं आणि पाटी

मी मासेमारी करणाऱ्या घरातला. तलाव कुठला ते लिहीत नाही, भांडण वाढवायचं नाही.

एकदा एका संस्थेची पोरं आली. हातमोजे, एकसारख्या टोप्या, मन चांगलं, त्याबद्दल तक्रार नाही. दिवसभरात जलपर्णी काढली, तिच्याबरोबर कमळाची पानं ओढली आणि पाणकणसाचा अख्खा पट्टा कापून टाकला. त्या पट्ट्यात माशांची पिल्लं लपतात, टिबुकली घरटं करते. वडील काठावरून हाका मारत होते, "ते नका काढू, ते आपलं आहे." कुणी ऐकलं नाही. हिरवं दिसलं की काढायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं. काढलेला ढीग काठावरच टाकून गेले. आठ दिवसांनी पाऊस झाला, ढीग सरकला आणि पुन्हा पाण्यात.

आणि नजर ठेवायची म्हणता, तर आम्ही रोज पहाटे पाण्यावर असतो. कुठल्या कोपऱ्यात काय उगवलं ते आम्हाला पहिल्यांदा कळतं, कारण जाळं तिथेच अडकतं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडायला लागले की पाण्यातला प्राणवायू संपलाय, हेही आम्हालाच आधी कळतं. आम्हाला कुणी विचारत नाही. काम असेल तर रोज द्या आणि आमच्याकडून करून घ्या. रविवारची माणसं कशाला?

वनस्पतीशास्त्र शिकवते

दादा, तुमच्या वडिलांचं "ते आपलं आहे" हे वाक्य मी वर्गात सांगणार आहे. सगळा प्रश्न त्यातच आहे.

पाणकणीस इथलंच. कमळ, कुमुद इथलीच. कमळपक्षी ज्या पानांवरून चालत जातो ती पानं उपटणं म्हणजे त्याची जमीन काढून घेणं. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळ्या फुलांसाठी माणसांनीच तिला जगभर नेलं. बंगालमध्ये तर १९३६ साली तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. काठावर माजणारं बेशरम नावाचं झुडूपसुद्धा दक्षिण अमेरिकेतलंच. गोंडाळ, म्हणजे कोबीच्या छोट्या गड्ड्यासारखं तरंगतं ते, मुळात कुठलं यावर अभ्यासकांचंही एकमत नाही, पण सांडपाण्यात तेही तसंच माजतं.

म्हणून मी पथकाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: पथकाने उपटायचं नाही. बघायचं, ओळखायचं, लिहायचं. काढायचं की नाही हे ओळखणाऱ्याने ठरवायचं, आणि काढलेलं काठापासून लांब, पाणी चढणार नाही अशा जागी टाकायचं. सांडपाण्यातली जलपर्णी जड धातू शोषून घेते, तेव्हा त्या ढिगाचं खत भाजीपाल्याला तर नकोच.

सर, तुमचं नत्र-स्फुरदाचं गणित शंभर टक्के बरोबर. पण ज्या तलावात अजून नाला पोचलेला नाही, तिथे रोप पोचू शकतं. घरच्या कुंडात शोभेसाठी आणलेली जलपर्णी फार वाढली म्हणून लोक जवळच्या तळ्यात नेऊन सोडतात. हिप्परग्याचं पाणी आपण पितो. तिथे तरी पहिलं रोप सापडायला हवं की नको?

विजापूर रोड

एवढा घोळ कशाला? तणनाशक मारा, पंधरा दिवसांत तलाव मोकळा.

वनस्पतीशास्त्र शिकवते

झाड मरतं आणि तिथेच बुडतं. एवढं सगळं एकदम कुजायला लागलं की पाण्यातला उरलासुरला प्राणवायूही संपतो आणि मासे मरतात. कुजलेल्यातलं नत्र पुन्हा पाण्यातच येतं. त्यापेक्षा जलपर्णीवरच जगणारे भुंगेरे आहेत, १९८०च्या दशकात बंगळूरच्या तलावांवर ते सोडले होते आणि त्यांनी काम केलं. पण त्याला वर्षं लागतात, आणि मध्येच यंत्राने सगळं उचललं तर भुंगेरेही त्याबरोबर जातात.

निवृत्त अभियंता

ताई, हिप्परग्याचा मुद्दा मान्य. १८७१ साली बांधून झालेला तलाव आहे, त्याच्यासाठी जीव तुटतो माझा. पण मला सांगा, बी वीस वर्षं टिकतं, मग तुमचं पथक वीस वर्षं टिकणार का? पोरं बारावी झाली की हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातात ती परत येत नाहीत. मी तीन उपक्रम पाहिले. पहिल्या रविवारी साठ माणसं, चौथ्या रविवारी सहा, पावसाळ्यात शून्य. आणि वहीत मध्येच सहा महिने कोरे असतील तर त्या वहीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. उलट समोरचा म्हणेल, या काळात काहीच नव्हतं.

पाणवठा

सर, हा प्रश्न मला रात्रभर पुरला. खरं आहे, पोरं जातात.

पण याच गावात सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचे सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, दर संक्रांतीला निघतात. काठी पेलण्याचा मान घराघरांत बापाकडून मुलाकडे येतो, आणि यात्रेच्या कितीतरी आधी सराव सुरू होतो. नोकरीसाठी बाहेर गेलेला माणूस त्या चार दिवसांसाठी परत येतो. ज्यांच्या नावाने ही यात्रा भरते त्यांनीच बाराव्या शतकात लोकांना बरोबर घेऊन तलाव खोदला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. सोलापूरकरांना सातत्य जमत नाही हे मी मानणार नाही. तलावाचं काम आपण अजून कुणाच्या घराला मान म्हणून दिलेलं नाही, एवढंच.

माझी चूकही मान्य करतो. पथक म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर दुर्बीण घेतलेली आमच्यासारखी माणसं होती. जाळंवाल्या दादांनी लिहिलं ते वाचल्यावर कळलं की पहिली वही त्यांच्या घरात असायला हवी. आणि त्यांना मोबदला मिळायला हवा, फुकट नाही. आम्ही वर्गणी काढू, तेवढी आमची ऐपत आहे.

नाल्याबद्दल. तुमच्या तक्रारीला तसं उत्तर देता आलं, कारण तुमच्याकडे तारीखवार काही नव्हतं. रागावू नका. अमुक तारखेला नाल्याच्या तोंडाशी जलपर्णी दहा पावलं, महिन्याने चाळीस पावलं, समोरच्या काठाला एकही रोप नाही, असे बारा महिन्यांचे फोटो जोडले असते तर "स्वच्छता सुरू आहे" असं लिहिणं अवघड गेलं असतं.

निवृत्त अभियंता

रागावलो नाही. पण तुम्ही अजूनही झाडापासून सुरुवात करताय. वहीचं पहिलं पान नाल्याचं करा. पाण्याचा रंग, फेस, वास, पावसाळ्यात किती वाहतो, उन्हाळ्यात किती. उन्हाळ्यातही वाहणारा नाला म्हणजे बहुतेक सांडपाणीच. झाडांची नोंद दुसऱ्या पानापासून. हे केलंत तर मी दर पंधरा दिवसांनी येईन, गुडघे साथ देतील तोवर. नुसती रोपं मोजणार असाल तर माझं मत बदललेलं नाही, आणि मी ते सगळीकडे बोलणार.

जाळं आणि पाटी

मोबदल्याचं आधी ठरवा, नंतर बोलू असं नको. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, लिहिता मला येत नाही, दाखवीन, नातीने लिहावं. माझी पोरगी सातवीत आहे, तिचं अक्षर चांगलं आहे.

रविवारी सहाला या. होडीत दोघंच बसतात, अभियंता काका आणि ताई. बाकीच्यांनी काठाने चालावं. नाल्याच्या तोंडापाशी पाय रुततो, चपला काढून या.