घराचा इन्शुरन्स रिन्यू होणार नाही असं पत्र आलंय (कॅलिफोर्निया)

गौरी_पी:
नमस्कार मंडळी. प्लॅसरव्हिलच्या पुढे डोंगरात आमचं घर आहे. काल इन्शुरन्स कंपनीचं पत्र आलं: मुदत संपली की पॉलिसी रिन्यू करणार नाही, कारण वणव्याचा धोका. आजवर एकही क्लेम नाही, हप्ता कधी चुकला नाही. घरावर लोन आहे आणि इन्शुरन्सचे पैसे एस्क्रोतून, म्हणजे लोनच्या हप्त्याबरोबर बँक बाजूला ठेवते त्या खात्यातून जातात. नवरा म्हणतो, फेअर प्लॅन (दुसरीकडे इन्शुरन्स मिळत नाही तेव्हाची पॉलिसी) घेऊन मोकळे होऊ. पण शेजारी सांगतात की त्यात पाइप फुटला तर छदाम मिळत नाही. बाबा सध्या इथेच आहेत, त्यांना अजून काही बोललो नाही, उगाच धास्ती घेतील. कोणी यातून गेलंय का? बँक काय करते अशा वेळी?

मिहिर७:
आधी पत्रावरची तारीख बघा. आपल्या राज्यात मुदत संपायच्या निदान ७५ दिवस आधी नोटीस द्यावीच लागते. उशिरा दिली असेल तर नोटिशीपासून ७५ दिवस जुनी पॉलिसी चालू ठेवणं कंपनीला भाग आहे. दुसरं म्हणजे राज्याच्या इन्शुरन्स खात्याच्या साइटवर तुमचा झिप कोड टाकून बघा. मोठ्या वणव्यानंतर आणीबाणी जाहीर झाली, तर त्या भागातल्या आणि लगतच्या झिप कोडमधल्या घरांची पॉलिसी वणव्याच्या कारणाने वर्षभर बंद करता येत नाही. तुमचं घर जळलेलं नसलं तरी.

सुनीता_सांताक्रूझ:
गौरी, आम्ही यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहिते.

बँकेचं आधी. जुनी पॉलिसी संपली आणि नवीन लागली नाही, तर बँक आपल्या मर्जीने पॉलिसी लावते आणि पैसे तुमच्याकडून घेते. त्याआधी तिला तुम्हाला पत्र पाठवावं लागतं, निदान ४५ दिवस आधी. ही पॉलिसी बहुधा महाग असते आणि ती बँकेचं कर्ज सांभाळते, तुमचं सामान नाही. तेव्हा एका दिवसाचीही फट पडू देऊ नका. नवीन पॉलिसी ठरली की तिचा कागद बँकेला लगेच पाठवा आणि एस्क्रोचा हप्ता वाढेल हे धरून चाला. आणि नवीन हातात येईपर्यंत जुनी रागाने रद्द करू नका, माझ्या जावेच्या घरी नेमकं तेच चाललं होतं.

फेअर प्लॅन सरकारी आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १९६८ पासून कायद्याने चालतो, पण चालवतात त्या राज्यातल्या इन्शुरन्स कंपन्याच. दुसरीकडे कुठे मिळत नसेल तेव्हाचा हा आधार. मूळ पॉलिसीत आग, वीज पडणं, धूर आणि घरातला स्फोट एवढंच येतं. चोरी नाही, पाइप फुटणं नाही, कोणी आपल्या अंगणात पडून हात मोडला तर त्याची जबाबदारीही नाही. शेजारी बरोबर सांगतात. म्हणून त्याच्या जोडीला डीआयसी नावाची दुसरी पॉलिसी घेतात, ती ही उरलेली बाजू भरून काढते. दोन्हींचं एकत्र कोटेशन मागा. नुसत्या फेअर प्लॅनच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. घर पुन्हा बांधायला लागेल तेवढी रक्कम मिळेल, की झीज वजा करून, हेही स्पष्ट विचारा. फरक फार मोठा असतो.

पण फेअर प्लॅनकडे जाण्याआधी एका स्वतंत्र ब्रोकरला गाठा, एकाच कंपनीचं काम करणाऱ्या एजंटला नाही. तो सरप्लस लाइनची, म्हणजे राज्याचा नेहमीचा परवाना नसलेल्या कंपन्यांची पॉलिसी सुचवेल. त्या कंपन्या बुडाल्या तर राज्याचा गॅरंटी फंड मदतीला येत नाही, एवढं लक्षात ठेवून ठरवा.

आता घर. भिंतीला लागून पाच फुटांत जळेल असं काही नको. आम्ही लाकडाचा भुगा उपसून खडी टाकली, आणि कुंपणाचं जे लाकडी फाटक थेट भिंतीला भिडत होतं ते काढून लोखंडी बसवलं. माळ्याच्या झरोक्यांना बारीक धातूची जाळी लावली, भोकं पाव इंचाची होती ती अष्टमांश इंचावर आणली. वणव्यात पुष्कळ घरं ज्वाळेने पेटत नाहीत, वाऱ्यावर उडालेल्या ठिणग्या झरोक्यातून आत शिरतात आणि माळा आतून पेटतो. हे कळल्यापासून मला वाऱ्याच्या रात्री झोप लागत नसे, जाळी बसल्यावर लागली. प्रत्येक कामाचे आधीचे, नंतरचे फोटो आणि बिलं कंपनीला दाखवायला जपून ठेवा.

गौरी_पी:
खूप खूप आभार. पत्र पुन्हा नीट वाचलं. दुसऱ्या पानावर विमानातून काढलेला घराचा फोटो आहे, छपरावर झुकलेल्या फांद्या दाखवल्यात. त्या फांद्या गेल्या शरद ऋतूतच कापल्या! फोटो जुना आहे.

सुनीता_सांताक्रूझ:
मग हे तुमच्या बाजूचं आहे. आजच छपराचे ताजे फोटो काढा, फांद्या कापल्याचं बिल जोडा आणि फेरविचार करा असं कंपनीला लेखी कळवा. फोनवर बोलणं झालं तरी मागून ईमेल टाका. त्यांनी दाद दिली नाही तर इन्शुरन्स खात्याकडे तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत. ते कंपनीला पॉलिसी द्यायला लावतीलच असं नाही, पण कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं. तोवर ब्रोकरचं काम थांबवू नका, दोन्ही एकदम चालू द्या. आणि बाबांना सांगा, गौरी. झाडांचे फोटो काढायला त्यांनाच बरोबर घ्या.