हंगर गेम्स वाचलेल्यांनो, अनुभव लिहा

नुकतंच 'सनराइज ऑन द रीपिंग' (2025) संपवलं. सुझन कॉलिन्सनी 2008 मध्ये सुरू केलेली ही कादंबरीमालिका अजून चालूच आहे! न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: पॅनेम देश, मौजमजेत बुडालेलं कॅपिटल आणि त्याच्यासाठी राबणारे बारा जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा, एक मुलगी चिठ्ठ्या टाकून उचलायची आणि एकच जिवंत उरेपर्यंतची झुंज टीव्हीवर दाखवायची. परीक्षण नकोय. वाचून तुमच्याकडे काय घडलं ते लिहा.

पाटीपेन्सिल: आमच्याकडे गणित घडलं. बारा वर्षांच्या मुलाची एक चिठ्ठी, मग दरवर्षी एक वाढते. पण घरात खायला नसेल तर एका माणसाचं वर्षभराचं धान्य आणि तेल घेता येतं, बदल्यात आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी. लेकाने वहीत मांडलं: सोळा वर्षांची नायिका कॅटनिस, नेहमीच्या 5, घरातल्या तिघांच्या पाच वर्षांच्या 15, एकूण 20. तिचा मित्र गेल, त्याच्या घरी खाणारी तोंडं पाच, वय अठरा, म्हणून 42. मग पेन चावत म्हणाला, "आई, म्हणजे नशीब-बिशीब काही नाही, ज्याच्या घरी धान्य नाही तोच जाणार." बाबा रेशनच्या रांगेतून रॉकेलचा डबा घेऊन यायचे, ते त्याला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. पुढची दोन्ही पुस्तकं त्याने हट्टाने मागून घेतली.

रातकिडा: तिसरं पुस्तक मला जड गेलं. आणि गंमत बघा, 2013 च्या सिनेमाच्या वेळी 'कॅपिटल'च्याच नावाने मेकअप विकला गेला!

साताराएक्सप्रेस: सिनेमातल्या कॅटनिसचं धनुष्य बघून मुलीने धनुष्यबाणाचा धोशा लावला. क्लासला आधी बांबूचं धनुष्य हातात देतात. पहिल्या आठवड्यात दोरी हाताच्या आतल्या बाजूला लागून काळंनिळं झालं. आर्मगार्ड बांधायचा कंटाळा, दुसरं काय! अमेरिकेतही 2012 नंतर तिरंदाजीच्या क्लासना अशीच गर्दी झाली होती म्हणे. आमची मात्र टिकली.

चाओफ्रायाकाठी: 2014 मध्ये नोकरीनिमित्त बँकॉकला होतो. मे महिन्यात लष्कराने सत्ता घेतली आणि निदर्शक तीन बोटं वर करायला लागले. पुस्तकात ती खूण आपल्या माणसाला निरोप देण्याची. इथे तेवढ्यावरून पोलीस उचलून न्यायचे. नोव्हेंबरात पंतप्रधानांसमोर ती खूण करणारे विद्यार्थी पकडले गेले, बँकॉकमधले 'मॉकिंगजे' या हंगर गेम्सच्याच सिनेमाचे काही खेळही रद्द झाले. ऑफिसातल्या सहकारी मुलीला मी सहज विचारलं, तर तिने आधी उठून दार लावलं. 2021 मध्ये म्यानमारमध्येही लष्कराने सत्ता घेतल्यावर तिथल्या राजदूतांनी संयुक्त राष्ट्रांत तीच बोटं उचलली, तेव्हा ते बंद दार आठवलं.

नवावाचक: मी अजून काहीच वाचलेलं नाही. 2020 चं, पॅनेमच्या राष्ट्राध्यक्ष स्नोच्या तरुणपणाचं पुस्तक आधी घेऊ का?

पाटीपेन्सिल: नको हो. आधी मूळ तिन्ही वाचा. स्नोचा राग पुरता डोक्यात बसला की मग त्याच्या तरुणपणाकडे वळा.